मंदीत फ्लॅट घ्यावा का? आधी तुमचा पगार कुठून येतो ते पाहू

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि घर

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. बाजार थंड आहे, बिल्डर बोलावतायत, तर घर घेऊन टाकावं का? त्यातली तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तशा अडचणीतली माणसं आपल्या सोलापुरात पुष्कळ आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय 52. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो, सगळे दिवाणजी म्हणतात. पगार 34 हजार. दत्त नगरला वडिलांनी बांधलेलं राहतं घर आहे. साखर पेठेतल्या जुन्या घरातला माझा वाटा विकून 15 लाख हातात आले. जुळे सोलापुरात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके 34 लाखांना मिळतोय. बिल्डर म्हणतो, "बाजार पडलाय तेव्हाच घ्यायचं असतं मालक, नंतर भाव ऐकून परत जाल." 20 लाखांचं कर्ज, 19,700 रुपये हप्ता आणि 9 हजार भाडं, असा कागद त्यानं करून दिलाय. आमच्याकडे अमेरिकेच्या ऑर्डरी तुटल्यापासून दोन पाळ्यांची एक पाळी झालीय. म्हणूनच वाटतं, निदान पैसा तरी घरात अडकवून सुरक्षित ठेवावा. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. काय करू?

उत्तर : दिवाणजी, घेऊ नका. हा फ्लॅट, या कर्जावर, या वर्षी तरी नको. आता कारणं सांगते, आणि तुम्ही हिशेबातले आहात म्हणून आकड्यांनीच सांगते.

बिल्डरनं दाखवलेला 19,700 चा हप्ता 15 वर्षांचा आहे, साडेआठ टक्के व्याज धरून. तुम्ही 52 चे. खासगी नोकरीतल्या माणसाचं कर्ज बँका साधारण साठीपर्यंत संपवायला लावतात, म्हणजे तुमच्या हातात आठ वर्षं. तेच 20 लाख आठ वर्षांत फेडायचे तर हप्ता जातो 28,800 च्या आसपास. 34 हजार पगारावर तो बसत नाही. पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरला तरी तुम्हाला कर्ज मिळेल बारा लाखांच्या आतबाहेर. मी कर्ज विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे पुढचं वाक्य कुठलं येणार तेही माहीत आहे : "मुलाला सहकर्जदार करा." तसं केलंत तर कर्ज मिळेलही. पण उद्या तो पुण्यात स्वतःचं घर घ्यायला बँकेत जाईल तेव्हा हा हप्ता त्याच्या नावावर उभा असेल आणि त्याची कर्जाची कुवत तेवढी कमी झालेली असेल. पंचविशीतल्या पोराचं घर बापाच्या गुंतवणुकीसाठी लांबवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमतीच्या वरचा खर्च त्या कागदावर नाहीच. आपल्या महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 2,04,000. वहिनींच्या नावावर घेतलंत तर 1 टक्का सवलत, 1,70,000. नोंदणी शुल्क 30 हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी. 45 लाखांच्या आतल्या आणि आपल्यासारख्या शहरात 90 चौरस मीटर चटई क्षेत्राच्या आतल्या घराला तो 1 टक्का आहे, म्हणजे 34 हजार. पदराचे 14 लाख अधिक हे सगळं मिळून पावणेसतरा लाखांच्या आसपास गेलं. पार्किंग, वीज मीटर, सोसायटीची अनामत अजून धरलेली नाही. तुमच्याकडे आहेत 15.

आता भाडं. 9 हजार दरमहा म्हणजे वर्षाला 1,08,000. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मधला एखादा रिकामा महिना वजा करा. पहिल्या वर्षी या कर्जाचं नुसतं व्याजच दीड लाखाच्या वर आहे. फरक कोण भरणार? तुमचा पगार. आणि तो पगार येतो कुठून?

माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. 27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेनं बहुतेक भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लावलं आणि टॉवेलच्या ऑर्डरी थांबल्या, त्याचा फटका तुम्ही रोज वहीत लिहिताय. एक पाळी बंद होते तेव्हा नुसता मागावरचा कामगार घरी बसत नाही. वार्पिंगवाला, रंगाई, शिलाई करणाऱ्या बायका, पॅकिंग, टेम्पोवाला, अशोक चौकातला किराणावाला, सगळ्यांची उचल वाढते. तुमच्या फ्लॅटचा भाडेकरू यांच्यातलाच कुणीतरी सुपरवायझर किंवा दुकानदार असेल. दहा वर्षांनी तो फ्लॅट विकायला काढाल तेव्हा घेणाराही याच धंद्याच्या आसपासचा असण्याची शक्यता जास्त. तुमचा पगार, तुमचं भाडं आणि तुमच्या फ्लॅटचा भाव ही तिन्ही एकाच खुंटीवर टांगलेली आहेत. खुंटी हलली की तिन्ही एकदम खाली येतात. पुण्या-मुंबईत एक धंदा बसला तर दुसरा चालतो, म्हणून तिथले लोक "मंदीत घ्या" म्हणतात आणि त्यांचं बरोबरही ठरतं. तो सल्ला जसाच्या तसा सोलापूरला लागू होत नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा याच शहरानं हे पाहिलेलं आहे. तुमच्या वडिलांच्या पिढीला विचारा, त्या काळात घरं विकायला काढणारे किती होते आणि घेणारे किती.

त्यात पूर्व भागातल्या भाड्याच्या बाजाराला आणखी एक गोष्ट लागू झाली आहे. कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची वसाहत आहे. पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या आणि मागावरच्या हजारो कुटुंबांना हक्काचं घर मिळतंय. फार चांगली गोष्ट झाली, मला तिचा मनापासून आनंद आहे. पण भाड्यानं द्यायला म्हणून घर घेणाऱ्यानं हेही मोजायला हवं, की भाडेकरूंची मोठी संख्या स्वतःच्या घरात जायला लागली आहे.

सोलापुरात दुसऱ्या प्रकारचा भाडेकरू नाही का? आहे. रेल्वेचं विभागीय कार्यालय आहे, विद्यापीठ आहे, फताटेवाडीला एनटीपीसी आहे. धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे पेशंट आपल्या दवाखान्यांत येतात, त्या दवाखान्यांमधले निवासी डॉक्टर आणि नर्स आहेत. या लोकांचा पगार टॉवेलवर अवलंबून नाही. पुढंमागं गुंतवणुकीसाठी घर घ्यायचंच ठरलं तर अशा माणसाला सोयीचं पडेल असं घर बघा, तयार बघा आणि शक्यतो कर्जाशिवाय बघा. रस्त्यावरच्या पाटीवर "विमानतळापासून इतक्या मिनिटांवर" लिहिलंय म्हणून नका घेऊ.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीची भीती मंदीत जास्त असते. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, हे खरं. पण नवे ग्राहकच आले नाहीत तर त्या खात्यात भर कुठून पडणार? काम सावकाश होतं, ताबा लांबतो, आणि तुमचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा. किती फ्लॅट विकले, काम कुठवर आलं, मूळ ताब्याची तारीख किती वेळा पुढं ढकलली, हे तिथं दिसतं. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. "टोकन म्हणून पाच लाख ठेवा" म्हणाला तर उठून या.

मग 15 लाखांचं काय? कारखान्याची दुसरी पाळी बंद झालेल्या माणसानं आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला काढायचा, हवा तेव्हा काढता येईल असा. उरलेले बँकेत ठेवींमध्ये विभागून ठेवा. एका बँकेत एका माणसाची व्याजासकट 5 लाखांपर्यंतची ठेव विम्यानं सुरक्षित असते, 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे. म्हणून एकाच ठिकाणी सगळं नको, काही वहिनींच्या नावावर ठेवा. ओळखीचा संचालक अर्धा टक्का जास्त देतो म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा लागूच होत नाही आणि आपल्या जिल्ह्यात हे पुरेसं लोकांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मुलगा पुण्यात घर घेईल तेव्हा पदराची रक्कम म्हणून यातले काही लाख त्याला द्या. घरातच पैसा घालायचा तर तो तिथं घाला.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, यजमान रेल्वेत आहेत. शेळगीला 7,500 रुपये भाड्यानं राहतो. विजापूर रोडला एक तयार फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेला, बराच काळ विकला न गेलेला, 31 लाखांना सांगतायत. घरचे म्हणतात मंदी आहे, अजून थांबा, 25 ला येईल. थांबावं का?

उत्तर : थांबू नका. दिवाणजींना नको म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणते आहे, कारण तुमचे दोघांचे पगार मागाच्या आवाजावर चालत नाहीत आणि घर राहायला हवं आहे. मंदी असते ती तुमच्यासारख्यांसाठी.

25 ची वाट पाहू नका. आपल्याकडे भाव जाहीरपणे उतरत नाही. बिल्डर दर तोच ठेवतो, कारण आधीच्या ग्राहकांना तोंड द्यायचं असतं. उतरतं ते बाकीचं. पार्किंग फुकट, मुद्रांक शुल्क आम्ही भरतो, किचन करून देतो. तुम्ही त्या भेटी नाकारा आणि तेवढी रक्कम किमतीतूनच कमी करून मागा. किचन ट्रॉलीवर पंधरा वर्षं व्याज भरण्यात अर्थ नाही. पडून राहिलेल्या फ्लॅटवर बिल्डरचं स्वतःचं व्याज चालू असतं, त्यामुळे रोख पदर तयार ठेवून बोलायला बसलात तर तो ऐकतो. 28-29 ला मागून पाहा.

एक लक्षात ठेवा. किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या, खाली गेली तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या आकड्यावरच लागतं. तो आकडा आधी काढून ठेवा. पहिलं नाव नुसतं तुमचं ठेवलंत तरी सवलत मिळणार नाही. महिलांची 1 टक्क्याची सवलत हवी तर खरेदी फक्त तुमच्या नावावर हवी. भोगवटा प्रमाणपत्र आहे, म्हणजे जीएसटी नाही. कुणी मागितला तर प्रमाणपत्राची तारीख दाखवा. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण या किमतीच्या घराला मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत, तो खिशातूनच जातो.

हप्ता एकाच्या पगारात बसेल एवढाच ठेवा. व्याजदर आज आहे तसा राहणार नाही हे धरूनच चाला. मे 2020 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवर आला होता, तेव्हा स्वस्त म्हणून कर्ज घेतलेल्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये तोच दर 6.5 वर गेलेला पाहिला. बँकांनी हप्ता तेवढाच ठेवून मुदत लांबवली आणि अनेकांना ते कळलंही नाही. व्याज बदललं की बँकेकडून उरलेल्या हप्त्यांचा कागद मागून घ्या. महागाई भत्त्याची थकबाकी आली की मुद्दलात भरा. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही.

आणि सही करण्याआधी त्या इमारतीत उन्हाळा काढलेल्या दोन बायकांशी बोला. पालिकेचं पाणी किती दिवसांनी येतं, बोअर मे महिन्यात टिकतं का, टँकरचे पैसे कोण भरतं, हे तुम्हाला माहितीपत्रकात नाही, जिन्यात कळेल.

प्रश्न : बाळे गावाच्या पुढं एक गुंठा जागा मंदीमुळे फार स्वस्त मिळतेय. नोटरी करून देतो म्हणतात, सातबारा सामाईक आहे. मी आशा सेविका आहे, साठवलेले 3 लाख आहेत. घेऊ का?

उत्तर : नाही. नोटरीच्या कागदावर जागेची मालकी मिळत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. सामाईक सातबाऱ्यावर तुमचा गुंठा नेमका कुठला, हे कुणीच सांगू शकणार नाही. बाकीच्या हिस्सेदारांपैकी एकजण जरी उठला तर कोर्टात वर्षं जातील. बिनशेती आदेश, मंजूर आराखडा आणि तुमच्या नावाचा फेरफार होईल अशी जागा असेल तरच पुढं बोलणं करा. विकणारा "आज नाही घेतली तर उद्या दुसरा घेईल" म्हणाला तर त्याला घेऊ द्या. पैसे देऊन बसला असाल तर पावती, नोटरीचा कागद आणि सातबारा घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिलांना तिथं वकील मोफत मिळतो.