'सगळ्याजणी तेच घेताहेत' म्हणणाऱ्या लेकीच्या आईस

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक सोळा वर्षांची. लहानपणापासून किड्यामुंग्यांच्या मागे. वहीत त्यांची चित्रं, पाय किती, पंख कसे, कुठल्या तारखेला दिसला. आता पुढचे विषय निवडायची वेळ आली तर म्हणते, 'सगळ्याजणी कॉम्प्युटर घेताहेत, मीपण तेच घेणार.' वही कपाटाच्या वर गेली. रात्री एक-एक वाजेपर्यंत फोन चालतो. फोटो टाकते आणि लाइक कमी आले की तासाभरात काढून टाकते. तुम्ही विचारलंय, तिच्यासाठी कोणतं क्षेत्र चांगलं, फोन काढून घेऊ का, आणि या मैत्रिणींपासून तिला तोडू का?

शेवटच्या दोन प्रश्नांना माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. पहिल्याचं उत्तर आज मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका. विषय चुकेल याची धास्ती तुम्हाला आहे. तिला धास्ती आहे ती मैत्रिणींच्या घोळक्यातून बाहेर पडण्याची. ती कमी झाल्याशिवाय तिला नेमकं काय आवडतं हे तिलाही सांगता येणार नाही.

मध्यंतरी याच वयाचा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला. तो थरथरला की याचं बोलणं अर्ध्यात तुटायचं, बोटं फोनच्या कडेपर्यंत जायची आणि परत यायची. मी म्हटलं, 'बघ हवं तर.' तो म्हणाला, 'ग्रुपवर पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर म्हणतात, भाव खातोय.' त्या तासाभरात फोन अकरा वेळा थरथरला. मी मोजत होतो. मुलं उगाच फोनला चिकटतात असं तेव्हापासून मला म्हणवत नाही. त्यांच्यासाठी ती हजेरी असते, आणि ती चुकली की काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1951 मध्ये एक साधा प्रयोग केला. कॉलेजातल्या तरुणांना एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांपैकी तेवढ्याच लांबीची कोणती ते विचारायचं. एकट्याने बसून कुणी चुकणार नाही, इतकं सोपं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधी पढवलेले होते आणि ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांमध्ये त्या एकट्या तरुणांनी सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारं सोडून घोळक्याची री ओढली. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक सोबती बसवला, आणि हे वाहवत जाणं जवळपास पावपटीवर आलं.

कॉलेजातल्या मुलांची ही गत, तर सोळाव्या वर्षी काय होत असेल! या वयात मेंदूचा सारासार विचार करणारा भाग अजून घडत असतो. ते काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. सोबत्यांनी आपल्याला धरलं की टाकलं, याची किंमत मात्र आत्ताच सगळ्यात जास्त वाटते. तेव्हा लेकीला 'तुला स्वतःचं मतच नाही' असं कृपा करून म्हणू नका.

तो एक सोबती घरात हवा, ताई. इथे थोडं मनाला लागेल असं बोलतो. तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, 'माझ्या बहिणीच्या मुलीचं सगळं ठरलंय, हिचंच काही नाही.' लेकीला तिचा ग्रुप, तुम्हाला तुमचा! हे वाक्य तिच्या कानावर गेलं असेल तर तिला घरही घोळक्यासारखंच वाटणार. आणि एक. 'तू कीटकांचाच अभ्यास कर' हा आग्रहही धरू नका. प्रेमापोटी असला तरी तोही दबावच.

त्याऐवजी एखाद्या निवांत संध्याकाळी तिला दोन चिठ्ठ्या द्या. पहिलीवर तिने लिहायचं, 'मी काय निवडणार आहे.' दुसरीवर, 'मी काय निवडलं हे कुणाला कधीच कळणार नसेल, तर काय निवडेन.' तुम्ही वाचायच्या नाहीत, विचारायचंही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचा हात दुसऱ्या चिठ्ठीवर थबकतो, आणि तिथूनच खरं बोलणं सुरू होतं. दोन्ही चिठ्ठ्यांवर कॉम्प्युटरच आलं तर ते मनापासून माना. फोटोवरून कीटक ओळखणारे प्रोग्रॅमही कुणीतरी लिहितंच, तेव्हा दोन्ही आवडी एकत्र नांदू शकतात. पुढची पायरी म्हणजे दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या माणसांजवळ तिने एकेक दिवस बसून यावं. माहितीपत्रकं वाचून कळत नाही ते अशा एका दिवसात कळतं.

मैत्रिणींना सांगायला तिच्या तोंडी एक वाक्य मात्र द्या: 'मी अजून ठरवलं नाहीये.' यात कुणाचा अपमान नाही आणि तिला वेळ मिळतो.

फोनचं म्हणाल तर रात्री ठरलेल्या वेळी घरातले सगळे फोन झोपायच्या खोलीबाहेर. तुमचाही. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि वयामुळेच झोप उशिरा येते, त्यात फोनची भर. नियम एकटीला लावलात तर ती शिक्षा वाटेल.

फोटो काढून टाकणं ही आजची काळजी नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ ती गप्प-गप्प राहिली, जेवण तुटलं, आवडीचं सगळंच सोडून दिलं, तर करिअरचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि स्वतःला इजा करण्याचं किंवा जगणं नको असल्याचं एकदा जरी बोलली, तरी एक दिवसही थांबू नका.

विषयांचा अर्ज भरायची मुदत कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा. तिची इच्छा असेल तरच तिला माझ्याकडे आणा. पहिला तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन, तुम्ही बाहेर बसा. आणि ती कपाटावरची वही सोबत आणायची की नाही, ते तिला ठरवू द्या.