नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चाकणची नोकरी सोडून कॉलेजात जावं का, असं तू विचारलंस. घर तुझ्या पगारावर चालतं, तेव्हा नोकरी सोडू नकोस. मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घाल. ‘बाहेरून केलेली डिग्री’ म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. मात्र फी भरण्याआधी तो शिक्षणक्रम यंदा मान्य आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नकोस.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. तेव्हा आधार होता तो छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रांचा. आता ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरची व्याख्यानं फोनवर मिळतात, आणि २०२१ च्या नियमांनुसार नियमित कॉलेजातली मुलंही सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करू शकतात. म्हणजे तू आज ज्या रीतीने शिकणार, त्याच रीतीने पुढे सगळ्यांनाच थोडंफार शिकावं लागणार. नोकरीतलं काम बदललं की पुन्हा पुस्तक उघडायचं, हे आता आयुष्यभराचं आहे.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारी मार्गदर्शक, म्हणून काम करताना मी मधेच गळणारी मुलं पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक चांगली हुशार होती. ती एकटी पडली. वर्गात चार दिवस दिसलं नाही तर कुणीतरी विचारतं. इथे महिनाभर पुस्तक उघडलं नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून केंद्र निवडताना घरापासूनचं अंतर नंतर बघ. तिथे संपर्कसत्रं, म्हणजे शिक्षकांसमोर बसून होणारे तास, खरोखर होतात का, हे गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचार. ऑफिसातला माणूस ‘होतात’च म्हणेल. कंपनीच्या बसमध्ये आणखी कुणी शिकत असेल तर तिला गाठ. एकमेकींचे स्वाध्याय तपासायला लागलात की टाळाटाळ आपोआप कमी होते.

तुझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ‘पहाटे पाचला उठेन’ असले संकल्प टिकणार नाहीत. ड्युटीला निघण्याआधीचा एक तास धर, मग शिफ्ट कुठलीही असो. व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि कोऱ्या कागदावर ताळेबंद मांडायला बसलं की हात थांबतो. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत घटकाच्या मधेमधे स्वयंअध्ययनाचे प्रश्न असतात. मुलं ते सोडून पुढे जातात. तू तसं करू नकोस. उत्तर लिहूनच पान उलट, कारण समोर शिक्षक नसताना तुला अडवणारं तेवढंच असतं.

सुट्टीच्या दिवशी दोन-तीन केंद्रांवर जाऊन ये. संपर्कसत्रांचं वेळापत्रक मागून घे आणि त्याचा फोटो मला पाठव. तुझ्या शिफ्टशी कुठलं जुळतं, ते आपण मिळून बघू.

तुझी,
मॅडम