मशीन मोडी वाचतं, मग मी कशाला?

बारावीचे निकाल लागले की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘एआय सगळं लिहितंय, मग आर्ट्सला जाऊन करायचं काय?’ आईवडील पोटतिडकीने विचारतात, मुलं मान खाली घालून ऐकतात. त्या सगळ्यांसाठी मीराची (नाव बदललं आहे) गोष्ट सांगते.

मीरा इतिहासात एमए करत होती, मोडी ही जुनी मराठी लिपी उत्तम वाचायची. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल तयार केल्याची बातमी आली आणि तिची झोपच उडाली.

‘मॅडम, दोन वर्षं अक्षरं गिरवली. आता ते क्षणात होणार. मी संपले.’

मी समुपदेशक आहे; मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली धारणा जास्त छळते, हे मी रोज पाहते. कितीतरी भेटी ‘मी संपले’भोवतीच गेल्या. शेवटी विचारलं, ‘शेवटचा कागद कोणाचा वाचलास?’

‘गावातल्या एका आजींचा. वाटणीपत्र होतं.’

‘वाचून दिलास आणि निघालीस?’

‘छे! त्यात आजींच्या आजेसासूबाईंचं नावच नव्हतं. नुसतं “मयताची बायको”. आजी एकदम गप्प झाल्या. मग मी बसले, नाव विचारलं. त्या संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. मी सगळं वहीत उतरवलं.’

‘हे अभ्यासक्रमात होतं?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अक्षरं लावणं ही सुरुवात होती. मी त्यालाच माझं काम समजत होते.’

हे वाक्य तिचं होतं, मी सुचवलेलं नव्हतं. अशा वाक्यांसाठी मी या व्यवसायात टिकून आहे. एका कौशल्यालाच माणूस ‘मी’ म्हणू लागला, की ते कौशल्य यंत्राला जमताच तो स्वतःला मोडीत काढतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीचे काही कोटी कागद आहेत. ते भराभर वाचले जाऊ लागले, तर त्यांत कोणाची नावं गाळली हे विचारणारी माणसं कमी नाहीत, जास्त लागतील.

पालकांनो, तुमची पोटापाण्याची काळजी खोटी नाही. अनुवाद, मजकूरलेखन यांतली सुरुवातीची कामं आटत आहेत. म्हणून मुलांना मी सांगते: ही साधनं शिका, जोडीला संख्याशास्त्र किंवा आणखी एक भाषा घ्या. पण माणसांसमोर बसून ऐकणं, पडताळणं, लिहिलेल्याची जबाबदारी घेणं हे स्वतः करा. आणि जेवताना ‘नोकरी कोणती लागणार?’ हे रोज विचारू नका. ‘आज कोणाला भेटलीस, काय वाचलंस?’ हे विचारून पाहा.

मीरा आता यंत्राने लावलेल्या कागदांतल्या चुका शोधते, जमेल तिथे त्या घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलते. प्राध्यापकीसाठीच्या नेट-सेट परीक्षांची तयारीही चालू आहे.