माफ्राचे सहा ऑर्गन आणि आपल्याकडचा जीर्णोद्धार

आपला प्रश्न असा आहे की, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहून देवळांतल्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करणाऱ्या माणसाला युरोपातल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनची एवढी ओढ का वाटावी, आणि दोनशे वर्षांपूर्वीचे वाद्य पुन्हा बोलते करण्यासाठी दहा-दहा वर्षे व भरपूर पैसा खर्च करण्यात काय अर्थ आहे. दोन्हींचे उत्तर मला आमच्या घराच्या पडवीपासून सुरू करावे लागेल.

माझे वडील जत्रा-उत्सवांतल्या नाटकांना साथ करीत. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी रंगभूमीवर जो ऑर्गन रुजला, त्याच जातीचा एक पायाने भाता चालवायचा ऑर्गन आमच्या पडवीत असे. पावसाळा लागला की त्याचे लाकूड फुगे, पट्ट्या दाबल्या की वर येत नसत, आणि भात्याच्या कातड्यावर बुरशी धरे. मग वडील तो उघडून बसत. पितळी सुराच्या (वाऱ्याने थरथरून स्वर काढणाऱ्या पातळ जिभेच्या) टोकाकडे कानस फिरवली की तो चढतो आणि बुडाशी फिरवली की उतरतो, हे मी तेव्हा शिकलो. त्याहून महत्त्वाचे शिकलो ते हे की, गेलेले पितळ परत येत नाही, आणि दोन्हीकडून खरवडत राहिले की सूर पातळ होत होत त्याचा आवाजच मरतो. वडील एखाद्या सुरापाशी अर्धा अर्धा तास नुसते ऐकत बसत आणि पुष्कळदा कानस न लावताच तो परत खोबणीत बसवीत. मला ते वेळ घालवणे वाटे.

पाइप ऑर्गन हा आमच्या ऑर्गनचा मोठा भाऊ आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. आमच्या ऑर्गनमध्ये आणि बाजाच्या पेटीत वारा पितळी सुराला थरथरवतो. पाइप ऑर्गनमध्ये मुख्यतः नळ्या बोलतात, म्हणजे तो शेकडो-हजारो बासऱ्यांचा समुदाय असतो. भात्यातून दाबाने आलेला वारा एका लांबरुंद लाकडी पेटीत साठतो, त्या पेटीच्या माथ्यावर नळ्यांच्या रांगा उभ्या असतात, पट्टी दाबली की त्या स्वराच्या नळ्यांखालची झडप उघडते, आणि त्यांतल्या कोणत्या रांगेला वारा मिळावा हे वादक खुंटी ओढून ठरवतो. खुंटीच्या मागे भोके पाडलेली एक लांब फळी सरकते, इतकेच. एक रांग कथलाच्या नळ्यांची, तिचा आवाज उजळ. दुसरी लाकडी नळ्यांची, तिचा आवाज मऊ. तिसरीत पुन्हा पितळी जिभा बसवलेल्या, त्या तुतारीसारख्या कडाडणाऱ्या. आठ फूट लांबीची उघडी नळी सेकंदाला साधारण 65 कंपनांचा खर्ज देते. बत्तीस फुटांची नळी 16 कंपनांवर येते, आणि तो स्वर कानाला ऐकू येण्याऐवजी छातीला आणि बसलेल्या बाकाला जाणवतो.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्ष अनुभव आला तो पोर्तुगालमध्ये. माझी भाची नोकरीनिमित्त लिस्बनला असते. तिच्याकडे गेलो असताना एका रविवारी ती मला तासाभराच्या अंतरावरच्या माफ्रा या गावी घेऊन गेली. तिथला राजवाडा, मठ आणि बसिलिका (मोठे चर्च) ही एकच प्रचंड इमारत आहे. दों जुआंव पाचवा या राजाने 1717 साली तिचा पाया घातला आणि 1730 मध्ये बसिलिकेचा अभिषेक झाला. मराठी वाचकाला हा राजा वेगळ्या संदर्भाने ओळखता येईल: चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली ती याच्याच कारकिर्दीत. माफ्रासाठी पैसा आला तो ब्राझीलच्या सोन्यातून, आणि ते सोने गुलामांच्या श्रमातून. माझ्या मामांनी मला थेट विचारले होते की, ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या राजाच्या वाद्याचे कौतुक तुला कसे करवते. प्रश्न रास्त आहे आणि तो मी झटकत नाही. मात्र राजाच्या हुकुमावरून काम करणारा ऑर्गन-कारागीर आणि राजा यांना मी एका तागडीत घालत नाही; आमच्या देवळातले नक्षीदार चांदीचे मखर ज्यांनी घडवले, त्यांनाही कोणत्या तरी सत्तेचीच चाकरी होती.

या बसिलिकेत सहा ऑर्गन आहेत, दोन मुख्य वेदीच्या दोन्ही अंगांना आणि उरलेले चार आडव्या दालनांत. पहिले जुने ऑर्गन काढून त्यांच्या जागी 1792 ते 1807 या काळात आंतोनियो शाविएर माशादो ई सेरवेइरा आणि जोआकिम आंतोनियो पेरेस फोंतानेस या दोन कारागिरांनी हे सहा घडवले. सहाही एकाच वेळी वाजावेत, हीच त्यामागची मूळ कल्पना होती, आणि मार्कोश पोर्तुगाल या संगीतकाराने मठातल्या साधूंच्या आवाजांसाठी व सहा ऑर्गनांसाठी मुद्दाम रचना केल्या. पुढे घडले ते असे की, 1807 साल संपण्यापूर्वीच नेपोलियनचे सैन्य पोर्तुगालात घुसले आणि राजघराणे जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेले. वाद्ये तयार होतात न होतात तोच यजमान परागंदा झाला! नंतरच्या काळात या ऑर्गनांची आबाळ झाली आणि सहांचा मेळ बसेनासा झाला. दिनार्ते माशादो या ऑर्गन-कारागिराच्या हाताखाली त्यांचे पुनरुज्जीवन झाले, त्याला दहाएक वर्षे लागली, आणि 2010 सालच्या मे महिन्यात सहाही ऑर्गन पुन्हा एकत्र वाजले. 2012 साली या कामाला वारसा-जतनासाठीचा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला.

मी ऐकले त्या दिवशी सुरुवातीला एकच ऑर्गन वाजत होता, डावीकडून, हलक्या लाकडी आवाजात. मग उजवीकडच्याने उत्तर दिले. सहाही मिळून उतरले तेव्हा आवाज कुठून येतो हे सांगणे अशक्य झाले, कारण तो सगळीकडून येत होता आणि घुमटाखाली एकमेकांत मिसळत होता. आमच्या नाटकात गायक, तबला आणि ऑर्गन पंधरा फुटांत असतात, तरी लय सांभाळताना घाम फुटतो. इथे वादक एकमेकांपासून इतके दूर की आवाज पोहोचायलाच क्षणाचा काही अंश जातो (वीस मीटरला सेकंदाचा साधारण सतरावा भाग). कानावर विसंबून वाजवले तर प्रत्येक जण मागे पडणार, म्हणून नजर मार्गदर्शकाच्या हातावरच ठेवावी लागते. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करण्यात मला संकोच नाही. भाची मात्र माझ्याकडे जरा काळजीने पाहत होती.

आता आपला दुसरा प्रश्न, आणि खरे तर मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे. पाइप ऑर्गनच्या दुरुस्तीला वर्षे का लागतात? साफसफाई आणि जोडकाम हा त्यातला लहान भाग असतो. प्रत्येक नळी उतरवून तिला क्रमांक द्यायचा, तिची लांबी, व्यास, तोंडाची उंची, पायाचे भोक हे सगळे मोजून नोंदवायचे, तिच्या अंगावर जुन्या कारागिराने कोरलेले अक्षर असेल तर ते वाचायचे. शिशाचे प्रमाण जास्त असलेल्या नळ्या स्वतःच्याच वजनाने पायापाशी खचतात. ओकच्या लाकडातून निघणाऱ्या आम्लामुळे शिशावर पांढरा गंज चढतो. वाऱ्याच्या पेटीला भेगा पडल्या की न दाबलेला स्वर आपोआप वाजू लागतो. लाकडात कीड आणि कातड्याला कोरड पडलेली असते. नवे कातडे चिकटवायचे ते गरम सरसाने, कारण सरस पुन्हा ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो. पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला आपले काम उलगडता आले पाहिजे, हा त्या धंद्यातला शिष्टाचार आहे.

सगळ्यांत अवघड भाग आहे तो काय करायचे नाही हे ठरवण्याचा. नळी बेसूर वाटते. ती कापून चढवायची का? कापलेली नळी वाढत नाही. शिवाय ती खरोखर बेसूर आहे की हवा थंड आहे? तापमान एक अंशाने चढले की या नळ्यांचा स्वर अर्ध्या सुराच्या साधारण तीन शतांशाने चढतो, मात्र पितळी जिभांच्या नळ्या जवळपास जागच्या जागी राहतात, त्यामुळे सकाळी जुळलेल्या दोन रांगा दुपारी भांडू लागतात. नळीच्या तोंडाशी केलेला एखादा छेद मूळ कारागिराचा आहे की शंभर वर्षांनी आलेल्या कुणा घाईच्या दुरुस्तीवाल्याचा? उत्तर मिळेपर्यंत हात लावायचा नाही. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला 2019 साली आग लागली तेव्हा तिथला सुमारे 8,000 नळ्यांचा थोरला ऑर्गन जळला नाही, पण छपरातल्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. उतरवून, स्वच्छ करून परत उभारल्यावर त्याच्या नळ्यांचे सूर जुळवायला जवळपास सहा महिने लागले, आणि ते काम रात्री चाले, कारण दिवसा बांधकामाच्या गोंगाटात ऐकणे शक्य नव्हते. हे वाचले तेव्हा मला पडवीत अर्धा तास ऐकत बसलेले वडील दिसले.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द मोठ्या श्रद्धेने उच्चारला जातो. आमच्या शेजारच्या एका गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार मी जवळून पाहिला आहे. लाकडी खांबांचा जुना सभामंडप, चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर होते. ते सगळे पाडून काँक्रीट आणि चकचकीत ग्रॅनाइट आले, आणि नगारा-घंटा वाजवायला विजेवर चालणारे यंत्र बसले. महाजनांचा हेतू वाईट नव्हता. सुबत्ता आली तशी ती देवाला वाहावी असे त्यांना वाटले. त्या मंडपाच्या माळ्यावर नाट्यमंडळाचा जुना ऑर्गन होता. मी चौकशी करीपर्यंत तो भंगारात गेला होता आणि त्याचे सूर पितळेच्या भावाने विकले गेले होते. जीर्ण झालेले उद्धरायचे की जीर्ण म्हणून फेकायचे, यांत आपण फरक करत नाही, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले, आणि माफ्राने ते अधिक कडू केले.

‘इतक्या पैशांत इस्पितळ झाले असते’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. ग्रॅनाइटच्या पैशांतही झाले असते, पण तो आक्षेप तिथे कुणी घेतल्याचे मला आठवत नाही.

पाइप ऑर्गन गोव्यात आणून ठेवावा, असे मात्र माझे म्हणणे नाही. इथल्या पावसाळ्यात खुंटीमागची ती सरकती लाकडी फळी फुगून अडकेल आणि उरलेले वाळवी पाहून घेईल. जिथे असे वाद्य ठेवायचे तिथे ते सांभाळणारा कायमचा माणूसही ठेवावा लागतो. आमच्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मेस्तांनी (संगीतशिक्षकांनी) स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले, त्यामुळे ऐकणारा कान इथे आहे. पण आज मला भेटणारे मेस्त इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर भागवतात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण आमच्या नाटकांतही तेच होऊ लागले आहे. मी फक्त एवढे केले आहे की, वडिलांच्या ऑर्गनसाठी एक वही घातली आहे. कोणता सूर कधी खरवडला, कोणते कातडे कोणत्या साली बदलले, कोणत्या पट्टीखाली वडिलांनी पुठ्ठ्याचा तुकडा घातला होता आणि तो मी का काढला नाही, हे त्यात लिहितो.

आपण लिस्बनला जाणार असल्याचे प्रश्नात लिहिले आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. सहा ऑर्गनांचे वादन रोज नसते, तेव्हा तारीख आधी विचारून घ्यावी. बसताना पुढच्या रांगेचा मोह टाळून घुमटाच्या बरोबर खाली जागा धरावी, आणि बसिलिका आतून चांगलीच गार असते म्हणून मे महिना असला तरी स्वेटर बरोबर न्यावा. मी नेला नव्हता.