मज्जा, चेता की तंत्रिका?

मुंबईतील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'चेतासंस्था' आहे, वडिलांना रुग्णालयातून मिळालेल्या माहितीपत्रकात 'मज्जासंस्था' आहे आणि मराठी विश्वकोशात 'तंत्रिका तंत्र' आहे. तर मग 'न्यूरोसायन्स'ला मराठीत काय म्हणावे?

तिन्ही शब्द एकाच संस्थेचे, म्हणजे मेंदू, पाठीच्या कण्यातला दोर आणि नसा यांच्या 'नर्व्हस सिस्टिम'चे आहेत, आणि 'न्यूरोसायन्स' म्हणजे तिचा अभ्यास. 'मज्जा' त्यांत सर्वांत रुळलेला, पण घोटाळ्याचाही. आयुर्वेदाच्या सप्तधातूंमधील मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ गर, आणि 'अस्थिमज्जा' हा शब्द आजही त्याच अर्थाने वापरला जातो. तेथे रक्तपेशी तयार होतात. संवेदना वाहून नेण्याशी तिचा संबंध नाही. पाठीच्या कण्यातही मऊ गरासारखा दोर असतो, म्हणून तो 'मज्जारज्जू' झाला असावा. लॅटिनमध्येही त्याच्या नावात मज्जेचाच शब्द आहे.

'न्यूरॉन' हे या संस्थेतील संकेत वाहणाऱ्या पेशीचे नाव जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८९१ मध्ये रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कंडरा किंवा दोरी, आणि आपला 'स्नायू' हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. बंगालीत स्नायू म्हणजे नस आणि मराठीत मात्र मांसपेशी, त्यामुळे हा शब्द आपल्याला येथे वापरता येत नाही. 'तंत्रिका' निर्दोष आहे, परंतु मराठी माणसाच्या तोंडी ती कधी बसली नाही.

माझा कौल 'चेता'ला आहे, कारण या शब्दामागे आपल्या घरातले क्रियापद उभे आहे. चूल चेतते, शेगडी चेतवतात. ओल्या लाकडाला काडी लावली तर धूर होतो, जाळ होत नाही. पुरेशी धग मिळाली की मात्र ते पेट घेते. चेतापेशीही इतर पेशींकडून आलेले संकेत एकत्र करते आणि ठरावीक उंबरठा ओलांडला तरच विद्युतस्पंद पाठवते. फरक इतकाच की जाळ लहानमोठा होतो, तर स्पंदाचा जोर जवळपास तोच राहतो; वेदना तीव्र असेल तर स्पंद अधिक वेगाने एकामागून एक येतात.

मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. ज्या पेशी वारंवार एकत्र चेततात, त्यांच्यातील जोडणी बळकट होते, आणि सवयी घडण्याचे एक कारण हेच आहे. रोज दादरला उतरणाऱ्याचे पाय फोनवर बोलत असतानाही नेहमीच्या पुलाकडे वळतात. उलट, तापलेल्या तव्याला लागलेले बोट झटकन मागे येते, तेव्हा तो आदेश मेरुरज्जूतूनच (म्हणजे मज्जारज्जूतूनच) सुटलेला असतो; वेदनेची जाणीव मेंदूला क्षणभराने होते. 'पेशी चेतली' असे म्हटले की या दोन्ही गोष्टी मराठीत सरळ सांगता येतात. 'मज्जा'पासून असे क्रियापदच निघत नाही.

म्हणून विषयाला 'चेताविज्ञान', पेशीला 'चेतापेशी' आणि संस्थेला 'चेतासंस्था' म्हणावे. 'मज्जारज्जू' लोकांच्या बोलण्यात पक्का बसला आहे, तो तेथे राहू द्यावा. लिहिताना मात्र पाठ्यपुस्तकातला 'मेरुरज्जू' घ्यावा.