सुट्टीतलं वाचन : पुस्तक मुलालाच निवडू द्या

मुलगा तिसरीत जाणार आहे, सुट्टीत त्याचं वाचन कसं चालू ठेवायचं, असं तुम्ही विचारलंत. तिसरीत जाणार म्हणजे अक्षरं ओळखीची झालीत, वेग यायचाय. या टप्प्यावर सुट्टीत वाचनाला मोठा खंड पडला, तर तो जाणवू शकतो.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण रोज. पुस्तक त्यालाच निवडू द्या. कॉमिक्स, डायनासोर, कोडी, काहीही चालेल. एक पान वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. तसंही, तो स्वतः वाचायला लागला म्हणून वाचून दाखवणं सोडू नका. या वयात वाचून समजतं त्याहून ऐकून जास्त समजतं. लांब वाक्यं, नवे शब्द आधी कानावाटेच पोचतात.

अडखळला की लगेच शब्द सांगू नका, तीन-चार सेकंद थांबा. जोडाक्षर असेल तर फोडून दाखवा. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कुरकुर नको, ओघ त्यातूनच येतो. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका. ‘आता पुढे काय होईल?’ विचारा.

आणि पुस्तक अगदी नाकाशी धरत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या.