समुद्रतळाच्या गाळात जुन्या सुपरनोव्हाचं, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचं, लोखंड सापडतं म्हणतात. पण ते पृथ्वीचंच नाही हे कशावरून?

ही शंका मलाही बरेच दिवस होती. पृथ्वीवर लोखंडाला काय तोटा! गाळातलं जवळजवळ सगळं लोखंड इथलंच असतं. शोध असतो तो फक्त लोह-६० या किरणोत्सारी समस्थानिकाचा, म्हणजे लोखंडाच्याच पण वेगळ्या वजनाच्या अणूंचा. त्याचा अर्धायुकाल सुमारे २६ लाख वर्षं आणि पृथ्वीचं वय साडेचार अब्ज. म्हणजे जन्मापासूनचं लोह-६० आजवर सतराशेहून जास्त वेळा निम्मं झालं. त्यातला एक अणूही उरणं शक्य नाही. जे सापडतं ते नंतर आलेलं.

उल्काधुळीतल्या निकेलवर वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) आदळूनही थोडं लोह-६० तयार होतं, पण त्याच्या जोडीला मँगनीज-५३ कितीतरी जास्त बनतं. त्यावरून ते ओळखू येतं.

खोल समुद्र निवडतात, कारण नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नाही. तिथल्या खडकांवरचं लोह-मँगनीजचं कवच दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. थराचं वय बेरिलियम-१० या ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी अणूवरून काढता येतं.

खरी कसोटी मोजणीची. लोखंडाच्या एकावर पंधरा शून्यं इतक्या अणूंमागे लोह-६० चे एखाददोन अणू, आणि त्यात नमुन्यात मिसळलेल्या निकेल-६० च्या अणूचं वजनही लोह-६० च्या जवळपास तेवढंच! म्हणून अणूंना त्वरकातून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) प्रचंड वेग देतात आणि वायू भरलेल्या चुंबकातून सोडतात. निकेलमध्ये दोन प्रोटॉन जास्त, त्यामुळे वायूशी टकरा होताना त्याचा सरासरी विद्युतभार वेगळा राहतो आणि त्याची वाट वेगळी वळते. मग लोह-६० चे अणू अक्षरशः एकेक करून मोजतात. या सगळ्या कामातला हा भाग मला सर्वात सुंदर वाटतो.

जर्मनीतल्या म्युनिकच्या संशोधक गटाला प्रशांत महासागरातल्या कवचात १९९९ मध्ये पहिली खूण मिळाली. २०१६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंतोन वाल्नर आणि सहकाऱ्यांनी प्रशांत, अटलांटिक आणि हिंदी अशा तिन्ही महासागरांतले नमुने तपासले. सुमारे १५ ते ३२ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत लोह-६० स्पष्ट दिसलं, शिवाय ६५ ते ८७ लाख वर्षांपूर्वीचीही एक खूण मिळाली. त्याच वर्षी अपोलो यानांनी आणलेल्या चंद्राच्या मातीतही ते आढळल्याचं प्रसिद्ध झालं. चंद्रावर ना नद्या ना समुद्र, त्यामुळे माझी उरलीसुरली शंका तिथे मिटली.

पुढे २०१९ मध्ये अंटार्क्टिकाचा ५०० किलो ताजा बर्फ वितळवून तपासला, तर त्यातही लोह-६० चे काही अणू निघाले. म्हणजे सुपरनोव्हाची ही धूळ अजूनही आपल्यावर पडते आहे.